तलावाचं सुशोभीकरण: अंदाजपत्रक बनवण्याआधी या चुका टाळा

निधी मंजूर झाला की आधी फलक लागतो, मग पेव्हर ब्लॉकचे ट्रक येतात, आणि पहिला मोठा पाऊस झाला की कोणीतरी विचारतं, 'सांडवा कुठे गेला?' सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट. पूर्व विदर्भात गावाची नगरपंचायत झाली की मामा तलावाच्या नशिबी हेच येतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातले. काठाचं काम शासनानंच करायचं, त्यात वाद नाही. पण घोळ नेमका कुठे होतो ते आधी बघा.

तलाव कोणाचा, हे न बघता काम काढणं. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. गावाचे वापराचे हक्क मात्र निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या महसुली नोंदींत राहिले. जमीन महसूल संहितेत त्यासाठी कलम १६१ आणि १६५ आहेत. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. म्हणजे निधी नगरपंचायतीचा, पाळ (तलावाचा मातीचा बांध) जिल्हा परिषदेची आणि मासेमारी ढिवर बांधवांच्या संस्थेकडे. सातबाऱ्यासोबत ही दोन्ही कागदं काढा आणि सगळ्यांना एकदा पाळीवर उभं करा. नाहीतर पाळ झिरपली की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

सांडव्याशी खेळणं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. सांडव्यासमोरच्या स्मारकाचा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. आपल्याकडे स्मारक नसेल, पण सेल्फी पॉइंट असतोच! तलाव भरलेला दिसावा म्हणून सांडव्यावर दोन फूट भिंत चढवणं त्याहून वाईट, कारण पाण्याचा फुगवटा वरच्या अंगाच्या धानाच्या बांध्यांत जातो.

अहमदाबादच्या साबरमती नदीकाठाचे फोटो दाखवणाऱ्यांना एक सांगा. तिथलं काठोकाठ पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं आणि वासणा बॅरेजमुळे थांबतं. आपला तलाव पावसावर चालतो. उन्हाळ्यात तो उतरणारच.

पाळीला फुटपाथ समजणं. पाळ मातीची आहे, ती दबते आणि हलते. ब्लॉक खचू लागले की वरून गिट्टी भरू नका, आधी पायथ्याला जाऊन बघा. ओल असेल तर झिरपणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून अर्धा तास ठेवा. नितळ राहिलं तर नजर ठेवून रोज तपासा. तळाशी माती बसली तर पाळ आतून पोखरली जातेय: गेट उघडून पातळी उतरवा आणि त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा. तोवर ओलीवर आधी जाड रेती, मग गिट्टी असा थर द्या, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. बाहेरून सिमेंट मात्र थापू नका. अडलेलं पाणी दुसरीकडून वाट काढतं. पाळीवरची जुनी मोठी झाडंही सरसकट तोडू नका; मुळं कुजली की त्याच पोकळीतून पाणी वाहतं.

नाल्या तशाच सोडून कारंजं बसवणं. यावर काय लिहायचं? आधी सांडपाणी वळवा.

नदीकाठी घाट बांधायचा असेल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत दुकानगाळे काढले, तर ते पुरासाठीच बांधल्यासारखे.

चारही बाजूंनी भिंत. ही आमच्याच गावची चूक. दगडी भिंत आणि वर स्टीलचं रेलिंग. उद्‌घाटनाला फार छान दिसलं. उथळ काठावरचं देवधान (आपोआप उगवणारं जंगली धान) आणि कमळ खोदून काढलं, मासे अंडी घालतात ती जागाच गेली. एक ढिवर काका कंत्राटदाराला विचारत होते, 'सायेब, मी डोंगा कुठून काढू जी?' डोंगा म्हणजे त्यांची मासेमारीची होडी. कंत्राटदारानं नकाशा उघडला. त्यात डोंगाच नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, लोक बैल धुवायला घेऊन आले. पायऱ्या अरुंद, फरशी गुळगुळीत. पहिलाच बैल घसरून गुडघ्यावर बसला, मग कोणी दुसरा उतरवला नाही. बोअरवर रांग लावून बादल्यांनी बैल धुतले. दिवाळीनंतर ग्रामसभेनं ठराव घेतला आणि पूर्वेकडची बारा फूट भिंत तोडून मुरमाचा उतार केला. रेलिंगचे तुकडे अजून पंचायतीच्या मागे पडून आहेत.