स्टीअरिंग कॉलम परत चढवण्याआधी

जुन्या अमेरिकन गाडीचा स्टीअरिंग कॉलम, म्हणजे स्टीअरिंग व्हीलखालची नळी आणि तिच्यातला शाफ्ट, खोलायला एक दुपार पुरते. चढवताना मात्र अख्खी सकाळ ‘हा वायसर कुठला?’ यातच जाते. म्हणून पान्याला हात लावण्याआधी जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि वरून खाली ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने सगळं मांडा: हॉर्नचं बटण, त्याची स्प्रिंग, स्टीअरिंगचा नट, वरची बेअरिंग, कॉलमवरच्या गिअरच्या दांडीचे बुश (दांडी ज्यात फिरते त्या कड्या), डॅशखालचा क्लॅम्प आणि फ्लोअरवरचं रबर. रबर यादीत शेवटी आलं तरी नळीवर आधी सरकवावं लागतं. मी विसरलो होतो. सगळं घट्ट झाल्यावर ते मडगार्डवर पडलेलं दिसलं आणि चहा गार होईस्तोवर आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही. मुंबईच्या पावसात तिथून पाणी थेट पायांवर येतं, त्यामुळे ‘असू दे’ म्हणायची सोय नव्हती.

पाने इंची हवेत. गाडी शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातली (तो १९२८ ते १९५४ चालला) शेव्हरले असो की कुर्ल्याला प्रीमिअरने जोडलेली डॉज-फार्गो, नट-बोल्ट अमेरिकन मापाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खातो. नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारून इंची गोट्यांचा (सॉकेट पान्यांचा) सेट घ्या, सोबत ग्रीस, बारीक पॉलिश पेपर आणि वायर ब्रश. गिअर दांडीचे बुश मिळाले नाहीत तर लेथवाल्याकडून नायलॉनचे करून घ्या. जुने ढिले बुश परत घातले तर दुसरा गिअर शोधत बसाल.

बॅटरीचं टर्मिनल काढा, पण कुठलं ते पाहून. बॉडीला जोडलेलं आधी निघतं, आणि जुन्या सहा व्होल्टच्या डॉज-फार्गोत ते पॉझिटिव्ह असतं.

नळी रंगवून आणली असेल तर आतून बोट फिरवा. रंगाचा थर शाफ्टला घासतो. क्लॅम्पची जागा आणि आटे पॉलिश पेपरने उघडे करा, कारण बऱ्याच गाड्यांत हॉर्नला अर्थिंग कॉलममधूनच मिळतं. हॉर्नची तार कुठे सोललेली असेल तर आत्ताच बदला. ती नळीला टेकली की हॉर्न सुरू होऊन बंदच होत नाही आणि बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्या भरतात.

आता खरं काम: मध्य शोधणं. पुढची चाकं जॅकवर घ्या, मागच्यांना विटा लावा. स्टीअरिंग व्हील शाफ्टच्या दात्यांवर नुसतं टेकवा, एका टोकाला हलकेच फिरवा आणि दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा. त्याच्या निम्मे फेरे मागे या. तिथे शाफ्टवर आणि स्टीअरिंग बॉक्सवर (कॉलमच्या तळाची पेटी) खडूने खूण करा. बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा सुटा असेल तर टोकाला आपटू नका, बॉक्समधल्या गोळ्यांची वाट लागते. तेही पाहून ठेवा: बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल आहे की सुकलेला चिखल. मध्य सापडल्याशिवाय व्हील ठोकून बसवणाऱ्याची गाडी सरळ रस्त्यावरही वाकड्या हातांनी चालते.

बोल्ट बसवताना सगळे आधी बोटांनी. डॅशचा क्लॅम्प ढिला ठेवा, खालचा भाग आपोआप जागेवर बसू द्या, मग खालून वर कसत या. मध्ये दोनदा व्हील फिरवून बघा. कुठे अडकलं तर क्लॅम्प नळीला वाकवतोय. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवूनच दांड्या जोडा.

हॉर्नचं बटण त्या दिवशी बसवू नका. कंपाउंडमध्ये चार फेऱ्या मारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. स्टीअरिंगचा नट बटणाखालीच असतो आणि त्याला आणखी एकदा गोटी लावायची असते.