परसातल्या कोंबड्यांना सेंद्रिय खाद्य की साधं? या चुका टाळा

पुण्यात धायरीला आमच्या घरामागे सहा कोंबड्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या दोघींनी कवचच नसलेली अंडी घातली. नुसत्या पातळ पापुद्र्यातलं अंडं, बोट लावलं की दबायचं. त्याआधी महिनाभर मी मोठ्या कौतुकाने त्यांना 'शंभर टक्के सेंद्रिय' खाद्य घालत होते. शेवटी एक पाकीट परातीत ओतून निवडून पाहिलं: ज्वारी, बाजरी, गव्हाचा भरडा, चिमूटभर जवस. बस्स! सेंद्रिय असेलही, पण ते कोंबडीचं खाद्य नव्हतं, नुसते दाणे होते.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि धान्यात ते जवळजवळ नसतंच. मग कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम आणि 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात. ज्वारीत प्रथिनं 10 टक्क्यांच्या आसपास. साध्या लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या (लेअरच्या) तयार भरडलेल्या खाद्यात, सोयापेंड, चुनखडी, खनिजं, जीवनसत्त्वं आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल मोजून घातलेलं असतं. सेंद्रियवाले कृत्रिम मेथिओनिन टाळतात, म्हणून त्यांना ते तिळाची किंवा सूर्यफुलाची पेंड, मासळीची कुटी यांतून भरून काढावं लागतं. ते नीट जमलं नाही तर कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात. म्हणून दुकानदाराला आधी विचारा, "हे लेअरचं पूर्ण खाद्य आहे का?" सेंद्रिय आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि तो विचारलात तर पाकिटावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव बघा. 'नैसर्गिक', 'हर्बल', 'देशी' या शब्दांना काही अर्थ नाही.

यावर शेजारच्या काकू म्हणतात, "आमच्या मुळशीला कोंबड्या उकिरड्यावरच वाढल्या गं, कसलं आलंय लेअर मॅश!" काकूंचं खोटं नाही. पण ती गावरान कोंबडी दिवसभर वाळवी, किडे, गांडुळं, कोवळा पाला टिपत फिरायची आणि वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायची. आपण कावेरी किंवा ग्रामप्रिया अशा सुधारित जातीच्या कोंबड्या आणतो, दीडशेच्या पुढे अंड्यांची अपेक्षा धरतो आणि त्यांना दहा बाय बाराच्या जाळीत कोंडतो. तिथली वाळवी पहिल्या आठवड्यातच संपते.

साध्या खाद्याबद्दलची भीतीही बरीचशी चुकीच्या जागी आहे. 'त्यात हार्मोन असतात' हे मी सोसायटीच्या गेटवर कितीदा ऐकलंय! ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीची कोंबडी, झपाट्याने वाढतो तो निवडून घडवलेल्या जातीमुळे. वाढीचं हार्मोन खाद्यात घातलंच तर ते पोटात प्रथिनासारखं पचून जाईल. विचारायचंच असेल तर अँटिबायोटिकचं विचारा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांच्या खाद्यात वापरायला केंद्राने 2019 साली बंदी घातली, ती उगाच नाही. आणि बलक गर्द केशरी दिसला म्हणून खाद्य सेंद्रिय ठरत नाही. झेंडूच्या पाकळ्या, पिवळा मका किंवा लसूणघास घातला की कोणाच्याही कोंबडीचा बलक केशरी होतो.

आता पोत्याचं गणित. एक कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते, म्हणजे सहा जणींना महिन्याला 20 किलो. स्वस्त पडतं म्हणून 50 किलोचं पोतं आणलं की ते अडीच महिने पुरतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तेवढ्यात त्याला ओल धरते, गठळ्या होतात, बुरशी लागते. बुरशीतून होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीच्या यकृतावर जातं. मक्याला आणि शेंगदाणा पेंडेला ते पटकन धरतं, मग धान्य सेंद्रिय असो वा नसो. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: जुनं, कुबट सेंद्रिय खाद्य घालण्यापेक्षा ताजं साधं लेअर मॅश बरं. दुकानदाराकडून महिन्यापुरतं सुटं घ्या, घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा आणि पिंप फळीवर चढवा. घरीच मिश्रण करणार असाल तर सोयाबीन कच्चं घालू नका, भाजूनच घाला. कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनं पचत नाहीत.

पिल्लांना मोठ्यांचं खाद्य घालू नका. लेअरमधलं जादा कॅल्शियम त्यांची मूत्रपिंडं बिघडवतं. त्यांना आधी लहान पिल्लांचं खाद्य (चिक स्टार्टर) द्या, मग वाढत्या वयाचं (ग्रोअर); लेअर पहिल्या अंड्याच्या सुमारास. चिक स्टार्टरमध्ये बहुधा रक्ती हगवणीवरचं औषध असतं, सेंद्रियमध्ये नसतं. तेव्हा सेंद्रियवर पिल्लं वाढवायची तर खालचा भुसा कोरडा ठेवण्यात आळस चालणार नाही.

खाद्य बदलायचं झालं तर आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत बदला. आम्ही तसंच लेअर मॅशवर परतलो, शेजारी वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवला आणि कवचं पुन्हा टणक झाली. डिसेंबरात मात्र अंडी निम्म्यावर आली. मी पुन्हा पोत्यावरची अक्षरं वाचत बसले होते, तेव्हा ह्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. सहालाच अंधारलं होतं. कोंबडीला अंड्यासाठी चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि तेव्हा पुण्यात दिवस अकरा तासांचाच असतो.