रग्बी लीगच्या कोचचं करिअर कसं वाचायचं (फ्रेंच कोच फ्रेसिनूसचं उदाहरण घेऊन)

सगळ्यात आधी रग्बीचे दोन प्रकार, युनियन आणि लीग, वेगळे करा, इथेच बरेच लोक फसतात. लीगमध्ये तेराच प्लेयर, ट्रायला (बॉल समोरच्याच्या गोललाइनपलीकडे जमिनीला टेकवला की) 4 पॉइंट, गोलला (किक मारून बॉल खांबांच्या मधून घालवला की) 2, आणि सहा टॅकल झाले (बॉलवाल्याला सहा वेळा पकडून थांबवलं) की बॉल समोरच्याकडे. फ्रेंच क्लबच्या नावात XIII (रोमन तेरा) दिसलं की समजायचं लीग. फ्रान्समध्ये 1941 ला विशी सरकारने (दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेलं फ्रेंच सरकार) या खेळावर बंदीच घातली होती, क्लबांची मालमत्तापण गेली, म्हणून तिथे लीगचे लोक आजही जरा दुखावलेलेच असतात.

आता लोराँ फ्रेसिनूस घ्या. जन्म 1977, विलनव-सूर-लॉतचा. हाफमध्ये (टीमच्या चाली रचणाऱ्या जागी) खेळायचा आणि किकिंगपण करायचा, त्यामुळे पॉइंटचा एकूण आकडा बघून लगेच हरखून जाऊ नका, त्यातले ट्रायचे किती आणि गोलचे किती ते आधी काढा. समजा 24 पॉइंट लिहिलेत, तर ते सहा ट्रायचेपण असू शकतात किंवा नुसते बारा गोल, आणि दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मग बघायचं की कोच होण्याआधी तो कोणाच्या हाताखाली होता. हा पर्पिन्याँच्या कॅटलन्स ड्रॅगन्समध्ये ट्रेंट रॉबिन्सनचा असिस्टंट होता, रॉबिन्सन सिडनीला गेला आणि 2013 ला टीम याच्याकडे आली. क्लब सुपर लीगमध्ये (इंग्लंडमधली वरची रग्बी लीग स्पर्धा) आल्यापासून पहिला फ्रेंच हेड कोच! म्हणजे घरचाच माणूस, तयार टीम हातात आलेली, हे डोक्यात ठेवूनच पुढचे रिझल्ट वाचा. 2014 ला टेबलात सातवे आले, तरी प्लेऑफ खेळत फायनलच्या एक मॅच अलीकडे पोचले. नुसतं टेबल बघणाऱ्याला हे दिसणारच नाही.

2017 च्या सीझनमध्येच फ्रेसिनूसचं पद गेलं, त्याच्या जागी स्टीव्ह मॅकनमारा आला. नंतर फ्रान्सच्या नॅशनल टीमचा कोच झाला. इथे तारखेचा घोळ होतो बरं का, 2021 चा वर्ल्ड कप कोविडमुळे 2022 ला झाला. त्यात फ्रान्सने ग्रीसला 34-12 हरवलं आणि सामोआकडून 62-4 असा मार खाल्ला, दोन्ही स्कोअर शेजारी ठेवून बघा.

आणि पद गेलं की तिथेच फाइल बंद करू नका, पुढचं एक वर्ष बघाच. 2018 ला ड्रॅगन्सने वेम्बलीत वॉरिंग्टनला 20-14 हरवून चॅलेंज कप (तिथली नॉकआउट स्पर्धा) उचलला, मॅन ऑफ द मॅच टोनी जिगो, आणि हा जिगो फ्रेसिनूसच्या टीममध्येपण खेळलेला.