गुणवत्ता नियंत्रण आदेश आणि पुरवठ्याची साखळी: कोल्हापूरच्या कारखानदाराने तयारी कशी करावी

एखादी वस्तू ठरावीक भारतीय मानकानुसारच बनली पाहिजे आणि भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाशिवाय ती विकता येणार नाही, असे केंद्र सरकार ज्या आदेशाने ठरवते त्याला गुणवत्ता नियंत्रण आदेश, म्हणजेच उद्योगाच्या रोजच्या भाषेत क्यूसीओ, म्हणतात. त्याचा आधार भारतीय मानक ब्यूरो अधिनियम, 2016 मधील कलम 16 हा आहे. आदेश काढते ते त्या वस्तूशी संबंधित मंत्रालय आणि परवाना देते ते ब्यूरो. कलम 17 प्रमाणे चिन्हाविना अशी वस्तू बनवणे, आयात करणे, विकणे, भाड्याने देणे, इतकेच नव्हे तर विक्रीसाठी साठवून ठेवणेही वर्ज्य आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील पुष्कळ कारखाने स्वतःच्या नावाची वस्तू बाजारात विकत नाहीत. ते दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे कास्टिंग ओततात, मशीनिंग करून देतात किंवा एखादा सुटा भाग पुरवतात. म्हणून हा विषय मोठ्या कंपन्यांचा आहे असा समज येथे अजून आढळतो. आदेश तयार वस्तूवर असतो हे खरे. मात्र त्या वस्तूचा उत्पादक परवाना टिकवण्यासाठी जे जे पुरावे ठेवतो, त्यातले बरेचसे त्याच्या पुरवठादारांकडूनच यायचे असतात. आज ना उद्या ते मागितले जाणार, हे गृहीत धरून तयारी करावी.

आदेश आपल्याला लागू आहे का

हे ठरवताना एचएसएन कोडवर (मालाच्या वर्गवारीचा, कर व सीमाशुल्कासाठी वापरला जाणारा क्रमांक) विसंबून राहू नये. कोड दिशा दाखवतो, पण निर्णय आदेशाच्या तक्त्यातील वस्तूचे वर्णन आणि तिच्यासमोर दिलेला मानक क्रमांक यांवरून होतो. त्या क्रमांकाचे मानक उतरवून घ्यावे आणि पहिल्या पानावरील व्याप्तीचा परिच्छेद सावकाश वाचावा. आकार, दाब, व्होल्टेज किंवा वापर यांची एखादी मर्यादा तेथे घातलेली असते आणि कित्येकदा आपली वस्तू त्या मर्यादेच्या आत की बाहेर यावरच सगळे अवलंबून असते. त्यानंतर आदेशाची प्रकाशनाची तारीख आणि अंमलबजावणीची तारीख वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात, कारण दुसरी तारीख दुरुस्ती आदेशाने अनेकदा पुढे जाते. व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरणारी पत्रके बहुधा मूळ आदेशाची असतात, दुरुस्तीची नसतात. खात्री राजपत्रातच करावी.

कोल्हापूरच्या दृष्टीने सर्वांत जपून वाचायचा आदेश अवजड उद्योग मंत्रालयाचा आहे. यंत्रसामग्री आणि विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचा हा एकत्रित आदेश 28 ऑगस्ट 2024 रोजी निघाला. त्यात पंप, कॉम्प्रेसर, मशीन टूल्स, क्रेन यांसारख्या यंत्रांबरोबर त्यांची जोडणी, उपजोडणी आणि सुटे भागही घेतले गेले. अंमलबजावणी प्रथम 28 ऑगस्ट 2025 पासून ठरली होती, नंतर ती 1 सप्टेंबर 2026 पर्यंत पुढे ढकलण्यात आली. तारीख आणि यादी यांत पुढे बदल झाला आहे का, हे काम हाती घेण्यापूर्वी तपासावे. ‘सुटे भाग’ या दोन शब्दांमुळे प्रश्न असा उभा राहतो की, पंपाची कच्ची केसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, ओतणारी फाउंड्री आणि तीच केसिंग मशीनिंग करून बसवण्यायोग्य करणारा कारखाना यांपैकी कोणावर काय जबाबदारी येते. येथे अंदाज बांधू नये. वस्तूचे वर्णन, ड्रॉइंग आणि वापर लिहून ब्यूरोकडे किंवा संबंधित मंत्रालयाकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर फाइलला लावावे.

आधी मागे पाहावे

गोकुळ शिरगावात मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) पंप बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. केसिंग आणि इंपेलर (पाणी ढकलणारे आतले चाक) शिरोलीच्या फाउंड्रीतून येतात, शाफ्टचा बार व्यापाऱ्याकडून, मोटरचे स्टॅम्पिंग (पोलादाच्या पातळ चकत्या) आणि तांब्याची तार बाहेरगावाहून, बेअरिंग वितरकाकडून आणि नटबोल्ट उद्यमनगरातील दुकानातून. या प्रत्येक मालासमोर चार रकाने आखावेत: मालावर स्वतंत्र आदेश लागू आहे का, पुरवठादार उत्पादक आहे की व्यापारी, परवाना क्रमांक काय आणि तो कधी संपतो. पोलादाच्या अनेक प्रकारांवर आदेश आहेत, नटबोल्टसारख्या फासनर्सवरही आदेश निघालेला आहे. म्हणजे पंपाचा परवाना हातात येण्याआधीच, त्यात जाणारा काही माल परवानाधारकाचाच घेणे भाग असते.

व्यापाऱ्याला परवाना लागत नाही, त्यामुळे त्याच्याकडून माल घेताना कागद जास्त काटेकोरपणे पाहावे लागतात. टीसीवर, म्हणजे उत्पादकाच्या चाचणी प्रमाणपत्रावर, मानक क्रमांक, सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक आणि हीट नंबर (भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूचा क्रमांक) असला पाहिजे आणि तो हीट नंबर बारच्या टोकावरील किंवा बंडलच्या पट्टीवरील नंबरशी जुळला पाहिजे. एकाच टीसीची झेरॉक्स दहा बिलांना जोडली जाते, हे या धंद्यातील सर्वांना ठाऊक आहे आणि तपासणीत पहिला धागा तेथेच सुटतो. परवाना क्रमांक ब्यूरोच्या बीआयएस केअर या अॅपवर टाकला की परवानाधारकाचे नाव, पत्ता, वस्तू आणि परवान्याची स्थिती दिसते. स्टोअरमधील माणसाला हे शिकवायला फार वेळ लागत नाही. माल उतरवून घेण्यापूर्वी ही खात्री करण्याची सवय मात्र लावावी लागते.

आयात मालाची गोष्ट निराळी आहे. परदेशी कारखान्याला ब्यूरोचा परवाना स्वतःच घ्यावा लागतो, भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो आणि 10,000 अमेरिकी डॉलरची बँक हमी द्यावी लागते. आपल्याकडून वर्षाला एखादा कंटेनर घेतला जात असेल तर तो कारखाना या भानगडीत पडेलच असे नाही. अशा मालासाठी देशी पर्याय शोधणे, त्याचे नमुने मंजूर करून घेणे आणि ग्राहकाकडून बदलाची संमती मिळवणे यात महिने जातात, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. नियम पुरवठ्याच्या साखळीत किती मागे जाऊ शकतो याचा एक नमुना 2025 मध्ये दिसला: पोलाद मंत्रालयाच्या 13 जूनच्या आदेशाने तयार पोलादी वस्तूंबरोबर त्या बनवण्यासाठी वापरलेला मधला मालही मानकानुसार असण्याची अट घातली आणि 16 जूनपासून जहाजात चढणाऱ्या मालाला ती लागू केली. ज्यांचा माल आधीच ठरलेला होता त्यांच्या हातात तीन दिवस होते.

फाउंड्रीत आणि जॉबवर्कमध्ये

पंपवाल्याने केसिंगसाठी एफजी 200 या ग्रेडचे बीड मागितले आणि फाउंड्रीने धातूतील घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचा रिपोर्ट पाठवला, एवढ्याने काम पूर्ण झाले असे दोघेही मानतात. बिडाचे मानक आयएस 210 आहे आणि त्यात ग्रेड ठरते ती मुख्यतः ताणशक्तीवर. एफजी 200 म्हणजे स्वतंत्र ओतलेल्या 30 मिलिमीटर व्यासाच्या चाचणी बारवर किमान 200 मेगापास्कल. रासायनिक घटकांचे प्रमाण, ग्राहकाशी वेगळे ठरले नसेल तर, फाउंड्रीवर सोडलेले असते. म्हणून केवळ कार्बन-सिलिकॉनचे आकडे दाखवणारा कागद ग्रेडचा पुरावा होत नाही. कोणत्या हीटला चाचणी बार ओतायचा, तो कोठे तोडायचा आणि रिपोर्ट किती वर्षे ठेवायचा, हे पीओमध्येच, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्येच, लिहावे. चाचणी बाहेर करून घ्यायची असेल तर प्रयोगशाळेची मान्यता पाहावी आणि परवान्याच्या अर्जासाठी ती ब्यूरोची मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच असावी. नुसती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता तेथे नेहमी पुरत नाही.

दुसरी अडचण माग ठेवण्याची. हीट नंबर खडूने किंवा रंगाने लिहिला तर शॉट ब्लास्टिंगमध्ये (धातूच्या कणांच्या माऱ्याने होणारी सफाई) तो जातो, ग्राइंडिंगमध्ये उरलासुरला पुसला जातो आणि मशीनिंगवाल्याकडे तीन दिवसांचे कास्टिंग एकाच क्रेटमध्ये पडते. पुढे एखादी केसिंग दाबचाचणीत गळली तर त्या दिवसाचा नव्हे, त्या महिन्याचा माल संशयाखाली येतो. यावर उपाय साधा आहे. पॅटर्नवर, म्हणजे साचा उठवण्याच्या नमुन्यावर, मशीनिंग न होणाऱ्या जागी बदलता येणारी नंबरपट्टी बसवावी, जेणेकरून तारीख व हीट कास्टिंगवरच उठेल. चलनावर हीटनुसार नगांचा रकाना ठेवावा आणि जॉबवर्क करणाऱ्याने परत पाठवताना तोच रकाना भरावा. ज्या फाउंड्री वाहनउद्योगाला माल देतात त्यांना पीपॅपमुळे (सुटा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची वाहनउद्योगातील पद्धत) ही शिस्त अंगवळणी पडलेली आहे. त्यांनी फक्त एवढे लक्षात घ्यावे की ग्राहकाची मंजुरी ही करारातील बाब आहे आणि क्यूसीओ हा कायदा आहे. पहिली असली म्हणून दुसऱ्यातून सूट मिळत नाही.

परवाना

ब्यूरोच्या आयएसआय चिन्हाचा परवाना त्याच्या स्कीम-1 या योजनेखाली मिळतो. तो एका मानकासाठी आणि एका पत्त्यासाठी असतो. एकाच मालकाचे गोकुळ शिरगावात एक आणि कागलला दुसरे युनिट असेल आणि तीच वस्तू दोन्हीकडे बनत असेल, तर परवाने दोन लागतात. म्हणून शेवटची जोडणी, चाचणी आणि चिन्ह लावणे हे कोणत्या पत्त्यावर होणार ते आधी ठरवावे. जोडणीसुद्धा बाहेर देण्याची पद्धत असेल तर ती बदलावी लागेल.

अर्ज मानकऑनलाइन पोर्टलवर होतो. अर्ज भरण्यापूर्वी त्या मानकाचे प्रॉडक्ट मॅन्युअल वाचावे, कारण कोणत्या चाचण्या, किती वेळा आणि कोणत्या उपकरणांवर घ्यायच्या हे त्यातील तपासणी व चाचणी योजनेत दिलेले असते. चाचणी आधीच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून तिचा रिपोर्ट अर्जासोबत दिला तर सुलभ पद्धतीत परवाना साधारण 30 दिवसांत मिळू शकतो. खरा वेळ प्रयोगशाळेच्या रांगेत जातो. आदेशाची तारीख जवळ आली की सगळ्यांचे नमुने एकदम तेथे पोहोचतात, म्हणून नमुना पाठवण्याचे काम तारखेच्या सहा महिने आधी तरी उरकावे. यंत्रसामग्रीच्या आदेशासाठी स्कीम-10 आहे. तिच्यात तांत्रिक फाइल आणि आयएस 16819 नुसार धोक्यांचे मूल्यमापन मागितले जाते. ते सल्लागाराकडून तयार साच्यातले विकत घेण्याचा मोह होतो. पण त्यात न बसवलेले गार्ड आणि नसलेली स्विचे वर्णन केलेली असली तर तपासणीच्या दिवशी तो कागद आपल्याच विरुद्ध जातो.

सवलतींकडे लहान कारखाने दुर्लक्ष करतात, ते करू नये. बऱ्याच आदेशांत लघुउद्योगांना तीन महिने आणि सूक्ष्म उद्योगांना सहा महिने जास्त मिळतात, निर्यातीसाठी बनवलेला माल वगळलेला असतो आणि संशोधनासाठी वर्षाला 200 नगांपर्यंत आयातीला मुभा असते. काही आदेशांत यंत्रगुंतवणूक 25 लाख आणि उलाढाल 2 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या सूक्ष्म उद्योगांना पूर्ण सूट आहे. ब्यूरोच्या किमान वार्षिक चिन्ह शुल्कात सूक्ष्म उद्योगाला 80, लघुउद्योगाला 50 आणि मध्यम उद्योगाला 20 टक्के सवलत आहे. या सगळ्यासाठी उद्यम नोंदणी अद्ययावत हवी. मात्र सूट मिळाली तरी मोठा ग्राहक चिन्हाविना माल घेईलच असे नाही, हेही हिशेबात धरावे.

किंमत, साठा आणि करार

परवान्याचा खर्च म्हणजे नुसते शुल्क नव्हे. चाचणीची उपकरणे, त्यांचे कॅलिब्रेशन, नोंदी ठेवणारा माणूस, चाचणीत तोडलेले नग आणि पुरवठादार कमी झाल्याने वाढलेला कच्च्या मालाचा दर हे सगळे नगावर वाटून पाहावे. शेवटची बाब बहुतेकांच्या गणितातून सुटते. इचलकरंजीतील सूत व्यवसायाने तिचा अनुभव घेतला: व्हिस्कोस तंतू आणि पॉलिएस्टरच्या सुतावर 2023 मध्ये आदेश लागू झाले, आयात आवळली गेली आणि विणकरांकडून दराच्या तक्रारी सुरू झाल्या, पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने पॉलिएस्टरच्या साखळीतील आणि काही प्लास्टिकच्या कच्च्या मालावरील 14 आदेश आणि पाठोपाठ व्हिस्कोसवरील आदेशही मागे घेतला. आदेश येतो तसा जातोही. म्हणून पुरवठादाराशी तीन-तीन वर्षांचे चढ्या दराचे करार केवळ आदेशाच्या भीतीने करू नयेत आणि आदेश रद्द किंवा स्थगित झाल्यास दर पुन्हा ठरवण्याचे कलम करारात ठेवावे.

पीओमध्ये आणखी तीन गोष्टी लिहाव्यात. पुरवठादाराचा परवाना निलंबित झाला तर त्याने किती तासांत कळवायचे. भट्टीचा चार्ज (वितळवायला टाकायचा माल), कच्च्या मालाचा उगम किंवा प्रक्रिया बदलण्यापूर्वी संमती घ्यायची. आणि नमुना नापास झाल्यास बाजारातून परत आलेल्या मालाचा खर्च कोणी किती सोसायचा. तिसऱ्या मुद्द्यावर जवळच्या संबंधात बोलणे अवघड जाते. कायदा झाला तेव्हा त्यात पहिल्या उल्लंघनासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान 2 लाख रुपये दंड, आणि पुढच्या उल्लंघनांसाठी किमान 5 लाखांपासून मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत दंड ठेवला गेला, हे दोघांनी समोर ठेवले की बोलणे सोपे होते.

तारखेपूर्वी बनलेल्या मालाचा साठा नगानिशी मोजून, फोटो व स्टॉक रजिस्टरच्या प्रतीसह नोंदवावा आणि आदेशात जुना साठा विकण्याची मुदत असेल तर तिच्या आत वितरकांकडचा मालही संपेल अशी व्यवस्था करावी. परवाना मिळाल्यानंतर ब्यूरो कारखान्यातून आणि बाजारातूनही नमुने उचलतो. बाजारातील नमुना नापास झाल्याचे पत्र आले तर प्रथम त्या प्रकारच्या मालावर चिन्ह लावणे थांबवावे, हीट नंबरवरून तो नग कोणत्या चलनाचा होता ते काढावे, त्याच हीटचे उरलेले नग वेगळे ठेवावेत आणि कारण व दुरुस्ती लिहूनच ब्यूरोला उत्तर पाठवावे.