टाकीत ८ बार, तरी गन रडते? हवेचा पाईप घेताना या चुका टाळा

कंप्रेसरचा रेग्युलेटर ६ बारवर (बार म्हणजे दाबाचं माप), टाकी भरलेली, आणि हवेवर नट सोडवणारी इम्पॅक्ट गन मात्र चाकाच्या नटावर दोनदा टकटक करून गप्प. अशा वेळी शिव्या कंप्रेसरलाच बसतात. मीही घातल्या. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील म्हणून तो उचलून मेकॅनिककडे न्यायचंही ठरलं होतं. जाण्याआधी सहज गनच्या मागे टी (तीन तोंडांचा जोड) लावून दाब दाखवणारं दुसरं गेज बसवलं. ट्रिगर सोडलेला असताना ६ बार, दाबला की काटा ३ च्या खाली. हवा पाईपातच अडत होती.

दुकानात ‘८ एमएम पीयू द्या’ (पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, एक प्लास्टिक) म्हटलं की मिळतो तो बाहेरून ८ मिमी. आतलं भोक ५, फार तर ५.५. रबरी पाईप मात्र आतल्या मापाने विकला जातो, म्हणून ‘८ एमएम’ म्हणवणाऱ्या या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. दाब किती पडेल हे ढोबळमानाने भोकाच्या पाचव्या घातावर ठरतं. तेवढीच हवा, तेवढीच लांबी, पण भोक ५ ऐवजी ८ मिमी केलं तर दाबातली घट जवळपास दहा पटींनी कमी होते. धूळ उडवायला, टायर भरायला, छोट्या नेलरला (खिळे ठोकणाऱ्या गनला) ८ बाय ५, म्हणजे बाहेरून ८ आणि आतून ५, चालतो. इम्पॅक्ट गन किंवा स्प्रे गन असेल तर पीयूमध्ये ‘१२ बाय ८’ असं दोन्ही आकडे सांगून मागा. आणि मोठा पाईप घेऊन टोकाला जुनाच बारीक भोकाचा कपलर (झटपट जोड) लावू नका. तिथे सगळं मुसळ केरात.

दुसरी चूक आकडा वाचण्याची. दुकानदार कौतुकाने सांगतो तो बऱ्याचदा फुटण्याचा दाब असतो. आपल्याला बघायचा तो कामाचा दाब, आणि तो कंप्रेसरच्या कट-ऑफपेक्षा, म्हणजे ज्या दाबाला मोटर बंद होते त्यापेक्षा, जास्त हवा. शिवाय पीयूवरचा आकडा साधारण २० अंशांच्या आसपासचा असतो. पाईप तापला की हा आकडा उतरतो. पत्र्याच्या शेडमधली मे महिन्यातली दुपार आठवा. कंप्रेसरच्या गरम तोंडाशी म्हणूनच मीटरभर रबरी तुकडा टाकून पुढे पीयू जोडलेला बरा. बागेचा जाळीचा पाईप क्लिप आवळून हवेला लावणारे महाभाग आहेत. तो निसटला तर सापासारखा फटकारतो, डोळा जाऊ शकतो.

लवचिक म्हणजे नेमका कुठला, हे कामावर ठरवा. पीयू हलका, पण ग्राइंडरच्या ठिणग्या त्याला सोसत नाहीत. रबर जड, रंगवलेल्या पत्र्यावर काळे ओरखडे सोडतं, तरी जमिनीवर दणकून वापरायला मला तेच आवडतं. स्वस्त पीव्हीसीला घडी पडली की ती जाता जात नाही. स्प्रिंगसारखा गुंडाळीचा पाईप धूळ उडवायच्या ब्लो गनला छान. रंगकामात तो हात मागे ओढतो आणि नेमका ओल्या दरवाजावर घासतो.

फुसफुस येत असेल तर साबणाचं पाणी लावा. पुश फिटिंगमध्ये (पाईप नुसता दाबून बसवायच्या जोडात) गळत असेल तर बहुधा पाईप पकडीने चेपून तिरका कापलेला असतो. हवा पूर्ण सोडा, पाईप काढा, धारदार ब्लेडने काटकोनात काप घ्या. आट्यांत गळत असेल तर आटे तपासा. आपल्याकडचं पाव इंची बीएसपी (ब्रिटिश मापाचे आटे) इंचाला १९ आट्यांचं, अमेरिकेतून आलेल्या हत्याराचं एनपीटी (अमेरिकी मापाचे आटे) १८ चं. एकात दुसरं दोन-तीन फेरे बसतं, मग अडतं. तिथे टेफ्लॉन टेपचा अख्खा रोळ गुंडाळला तरी गळती थांबायची नाही, अडॅप्टरच लागतो.

लांबी कमी पडली म्हणून बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावून कंप्रेसर पुढे सरकवू नका. वायरमध्ये व्होल्टेज पडतं, सुरू होताना मोटर घुरघुरते आणि तापते. कंप्रेसर प्लगपाशीच ठेवा, जाड भोकाचा पाईप पाच मीटर जास्त घ्या.