शेतावरून आलेली पावसाळी टोपली कोणत्या क्रमाने शिजवावी

शहापूर, मुरबाड किंवा कर्जतकडच्या शेतकऱ्याला हंगामाचे पैसे आगाऊ देऊन दर आठवड्याला त्याच्या शेतातील भाजीचा वाटा घेणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतील कुटुंबांसाठी हे टिपण आहे. या व्यवस्थेत भाजी आपण निवडत नाही, ती पाऊस आणि जमीन ठरवतात. त्यामुळे आधी बेत ठरवून मग भाजी शोधण्याची सवय सोडावी लागते आणि टोपलीतील काय सर्वांत आधी खराब होईल, हे पाहून आठवड्याचा स्वयंपाक आखावा लागतो.

टोपली आल्यावर पालेभाज्यांच्या जुड्या लगेच सोडाव्यात, पिवळी आणि चिघळलेली पाने काढावीत व उरलेला पाला पंख्याखाली सुती कापडावर पसरावा. जून-जुलैच्या दमट हवेत ओला पाला तसाच पिशवीत राहिला, तर दुसऱ्या दिवशीच काळा पडू लागतो. कोरडा झाला की तो कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा आणि शिजवण्याच्या वेळीच, तीन-चार पाण्यांतून, वर उचलून धुवावा, म्हणजे माती तळाशी राहते. पहिले दोन दिवस पालेभाज्यांचे. त्यानंतर भेंडी, चवळीच्या शेंगा, शिराळी आणि पडवळ घ्यावेत. अखंड लाल भोपळा, सुरण आणि अळकुड्या हवेशीर जागी आठवडाभर सहज टिकतात, म्हणून त्यांना शेवटी हात लावावा.

पहिल्या पावसानंतरच्या टोपलीत शेवळे (रानसुरणाचे कोंबासारखे फुलोरे) आली, तर त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ती थोडेच आठवडे मिळतात आणि नीट न शिजवल्यास घशाला खाजतात. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या टोकदार स्फटिकांमुळे सुटते. हाताला तेल लावून शेवळाचे बाहेरचे जाड आवरण सोलावे, आतील दांड्याच्या तळाचा पिवळा भाग काढून टाकावा आणि उरलेले बारीक चिरावे. चिरलेली शेवळे तेलात चांगली परतून त्यात काकड या रानझाडाच्या ठेचलेल्या आंबट फळांचा गाळलेला रस किंवा चिंचेचा दाट कोळ घालावा आणि ती पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावीत. त्यानंतरच परतलेला कांदा, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण आणि गरम मसाला घालावा. वाढण्यापूर्वी अगदी थोडे चाखून पाहावे. जिभेला चुरचुरले, तर आणखी आंबट घालून पुन्हा शिजवावे. कायस्थ प्रभू घरांत यात कोलंबी किंवा खिमा घालतात आणि ठाण्यात राहून ही चव न घेणे हे मला खरोखर नुकसान वाटते.

टाकळा, कुलू आणि भारंगी या रानभाज्या शेतकऱ्याने स्वतः ओळखून दिलेल्या असाव्यात. फिरायला गेल्यावर स्वतः खुडलेला, पक्की ओळख नसलेला पाला कधीही शिजवू नये. टाकळ्याची कोवळी पाने लसूण, कांदा आणि ओल्या खोबऱ्यात परतली की पुरे. कुलूच्या बुडाचा पांढरा कडक भाग काढून पाती बारीक चिरावी आणि भिजवलेल्या मूगडाळीबरोबर वाफवावी. भारंगी कडू असते, म्हणून पाने उकळून, पिळून घ्यावीत आणि मोड आलेल्या वालांबरोबर शिजवावीत. पालेभाजी शिजल्यावर फार आळते. आधी अंदाजाने मीठ घातल्यास ती खारट होते, त्यामुळे मीठ शेवटीच घालावे.

दुधी, शिराळे आणि काकडी चिरताना प्रत्येकीची एक छोटी चकती जिभेला लावून पाहावी. ती कडू लागली, तर ते अख्खे फळ टाकून द्यावे, कारण असा कडवटपणा शिजवून जात नाही आणि त्याने विषबाधा होऊ शकते. (कारले आणि कंटोळी यांना हा नियम लागू नाही.) शिराळ्याच्या काढलेल्या शिरा मात्र टाकू नयेत, त्या तेलात कुरकुरीत परतून तीळ, सुके खोबरे, लसूण आणि मिरचीबरोबर कुटल्यास चांगली चटणी होते.

आठवड्याच्या शेवटी उरलेल्या थोड्या थोड्या भाज्यांसाठी ऋषिपंचमीच्या भाजीइतकी योग्य कृती मला दुसरी माहीत नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीला ती बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्यांची करतात. एरवी तिला टोपलीतील काहीही चालते. सोललेल्या सुरणाच्या फोडी आधी चिंचेच्या पाण्यात ठेवाव्यात. जाड बुडाच्या पातेल्यात सुरण, अळकुड्या आणि मक्याच्या कणसाचे तुकडे थोड्या पाण्यात अर्धवट शिजवावेत, मग अळूची चिरलेली पाने व देठी, लाल माठाचे देठ आणि भोपळा घालावा आणि शेवटी पडवळ, शिराळे व भेंडी. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर सगळे मऊ होऊ द्यावे. नंतर चिंचेचा कोळ, ठेचलेली हिरवी मिरची, मीठ आणि भरपूर ओले खोबरे घालून एक उकळी काढावी. फोडणी देऊ नये. तेल नसल्यामुळेच प्रत्येक भाजीची चव वेगळी कळते. ऋषिपंचमीला ती वरीच्या भाताबरोबर वाढतात, इतर दिवशी तांदळाच्या भाकरीबरोबर खावी.