मृगाआधी मिगची तयारी

कॉलेजच्या आवारात, शाळेच्या फाटकाशी किंवा बागेच्या कोपऱ्यात हवाई दलाचं निवृत्त लढाऊ विमान मिग-२१ शोभेला उभं असेल, तर त्याची वार्षिक तपासणी होळीनंतर सुरू करायची आणि रोहिणी नक्षत्र लागायच्या आत संपवायची. पुण्यात मृगाच्या भरवशावर राहून चालत नाही. त्याआधी वळीव येतो, सोसाट्याच्या वाऱ्यासकट येतो, कधी गारा घेऊन येतो, आणि तासाभरात विमानाच्या पोटात पाणी साठवून जातो. ते पाणी पुढे महिनोन्‌महिने तिथेच राहतं. पहिल्यांदाच विमानाला हात लावणार आहेत त्या मुलामुलींसाठी ही यादी लिहितो आहे. उडायचं तर नाहीच, मग एवढी उठाठेव कशाला, असं विचारणारे भेटतील. उडणारं विमान रोज कुणीतरी डोळ्यांखालून घालतं. उभ्या विमानाकडे कुणी वर्षातून एकदा फिरकलं तर फिरकतं, तेही रंगाचा डबा घेऊन. म्हणून ते आतून जातं, आणि बाहेरून चकचकीत असतानाच जातं.

सगळ्यात आधी कागद. विमान हवाई दलाकडून आलं तेव्हा सोबत आलेली फाइल कार्यालयाच्या कपाटातून शोधून काढा. इजेक्शन सीटची, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची काडतुसं, कॅनॉपी म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण उडवणारी काडतुसं आणि आग विझवणाऱ्या बाटल्यांचे स्क्विब (छोटी स्फोटक काडतुसं) काढून टाकले आहेत, असं त्यात लेखी असायला हवं. ‘काढलेलीच असणार’ हे उत्तर चालणार नाही. कागद हातात येईपर्यंत सीट जिवंत आहे असंच धरायचं. कॉकपिटमध्ये कुणी बसायचं नाही, सीटच्या हँडलला हात लावायचा नाही, आणि ज्या तळाने विमान दिलं त्याला पत्र लिहून जाणकार माणूस मागवायचा. दाबाचं तेच. मिग-२१मध्ये दाबाखालची हवा बऱ्याच कामांना वापरली जाते, चाकांचे ब्रेकसुद्धा हवेवर चालतात. त्या हवेच्या बाटल्या आणि हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटर (तेल दाबाखाली साठवणाऱ्या टाक्या) रिकामे आहेत की नाही, हे कित्येक दशकांपूर्वीच्या गेजवरून ठरवू नका. जोडणी सोडवायचं काम माहीतगार माणसाकडेच द्या. कॉकपिटमधली जुनी घड्याळं उघडायची नाहीत. अंधारात चमकणारा त्या काळचा रंग पुष्कळदा रेडियमचा असतो. काच फुटलेली दिसली तर फुंकर मारू नका, बोट लावू नका. नोंद करा आणि जबाबदार माणसाला दाखवा.

माहीतगार माणूस कुठून आणायचा, याची काळजी पुण्यात करू नये. लोहगावच्या तळावर १९८७ साली मिग-२९ आली, १९९७ साली सुखोई आली. या सगळ्या काळात काम केलेले निवृत्त वायुसैनिक विमाननगर, वडगाव शेरी, खडकी या भागांत राहतात. आणि मिग-२१ हे तर आपल्या शेजारचंच विमान. १९६३ साली ते हवाई दलात आलं आणि पुढे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) कंपनीच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. देशात ६००हून अधिक मिग-२१ बांधली गेली. तुमच्या समोरच्या सांगाड्यातले रिव्हेट बहुधा एखाद्या मराठी माणसानेच ठोकलेले असतील. ओझरहून निवृत्त झालेले एखादे काका नात्यात निघाले तर त्यांना आवर्जून बोलवा. खुर्ची द्या, चहा द्या, आणि ते बोट दाखवतील तिथे आधी टॉर्च मारा.

हत्यारं मोजून न्यायची, मोजून आणायची. सतरा पाने वर गेले तर सतराच खाली आले पाहिजेत, आणि तो आकडा रजिस्टरात सहीनिशी लिहायचा. उडणार नसलं तरी ते विमान आहे, त्याच्या पोटात सुटा पाना राहता कामा नये. मिगचं सगळं माप मेट्रिक असल्यामुळे पान्यांचा साधा संच चालतो. नॅट, हंटर ही ब्रिटिश घराण्यातली विमानं असतील तर तिथे जुने इंची आटे भेटतात. चुकीचा पाना लावलात की बोल्टाचं डोकं गोल झालंच. व्हॅम्पायर असेल तर यादीच वेगळी करावी लागते. १९४८ साली आलेलं ते हवाई दलाचं पहिलं जेट, पण त्याच्या पुढच्या धडाचा भाग प्लायवुड आणि बाल्सा लाकडाचा आहे. तिथे गंज शोधण्याऐवजी कुजलेलं लाकूड आणि वाळवी शोधायची. बाकी सामान रविवार पेठेत बोहरी आळीत आणि नाना पेठेत मिळून जातं: नायलॉनचे ब्रश, गॅल्व्हनाइज्ड जाळी, मास्क, हातमोजे, सुती दोरी, बटर पेपर. शिडी मात्र भाड्याची आणू नका. चांगली रुंद पायऱ्यांची, खाली रबर असलेली आपली स्वतःची हवी, आणि ती पंखाला टेकवायची नाही.

मग विमान कशावर उभं आहे ते बघा. टायर उन्हाने कडेला तडकतात आणि हळूहळू बसतात. वजन टायरवर असेल तर एक टायर बसला की विमान एका अंगावर कलतं, आणि कललं की पाणी उताराच्या बाजूला साचतं. म्हणून वजन लोखंडी घोड्यांवर घ्यायचं. तेही जॅकसाठी नेमलेल्या जागांवरच, भलत्याच पत्र्यावर नाही. चाकं खाली लॉक आहेत की नाही ते पाहा आणि लॉकवर लाल फडकं बांधा. मागची आडवी शेपटी, रडर (उभ्या शेपटीची हलणारी पट्टी) आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) हे हलणारे भाग लाकडी पाचर आणि फेल्ट लावून बांधून टाका. वळवाच्या वाऱ्यात ते मोकळे राहिले तर रात्रभर आपटत राहतात आणि बेअरिंगची वाट लागते. इंजिन काढून नेलेलं असेल तर मागचं टनभर वजन गेलेलं असतं. तोल आता कुठे आहे, हे समजून घेतल्याशिवाय विमान उचलायला किंवा हलवायला जाऊ नका.

पाखरांचं काम खरं तर होळीच्याही आधी करायला हवं, कारण उन्हाळा लागला की साळुंक्या घरटी बांधायला लागतात. इनटेक (इंजिनात हवा घेणारं पुढचं तोंड), जेटपाइप (इंजिनाचा मागचा नळा), गनची भोकं, चाकांचे कप्पे, सगळीकडे टॉर्च मारा. अंडी किंवा पिल्लं दिसली तर ते तोंड तसंच सोडा. पिल्लं उडून गेली की जाळी बसवा, घाई करू नका. पारव्यांची वाळलेली घाण कोरडी झाडायची नाही. आधी पाणी शिंपडून भिजवा, मास्क लावा, मग उचला. ती रंग खाते आणि रंगाखालचं अ‍ॅल्युमिनियमही खाते. पंखाखाली आग्या मोहोळ बसलं असेल तर धूर-बीर करायच्या भानगडीत पडू नका. शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, तिथे विचारा. वेग मोजण्यासाठी हवा घेणारी नाकापुढची लांब पिटो नळी मात्र स्वतः बघा. कुंभारीण माशीला अशी नळी फार आवडते. टोकाला चिखलाचा गुळगुळीत बूच दिसतो, तो रंगाचाच भाग वाटतो. ओल्या कापडाने भिजवून मऊ करा आणि लाकडी काडीने काढा. तार खुपसू नका. काम झालं की कापडी टोपी चढवा.

आता पाणी. या यादीत तुम्हाला एकच गोष्ट करायला वेळ मिळाला तर ही करा. पाणी आत येऊ नये म्हणून सगळे धडपडतात, फटी बुजवतात, सिलिकॉन भरतात. पण एवढ्या पॅनेलांच्या, एवढ्या सांध्यांच्या यंत्रात पाणी येणारच. आलेलं पाणी बाहेर कसं जाईल ते पाहायचं. विमान बांधणाऱ्यांनी धडाच्या आणि पंखांच्या तळाला त्यासाठी बारीक भोकं ठेवलेली आहेत. एका संस्थेच्या आवारात मी पाहिलं आहे, रंगाऱ्याने ही भोकं लांबी भरून गुळगुळीत केली होती, वरून सुंदर राखाडी रंग मारला होता. तळाचं एक पॅनेल उघडल्यावर काळं पाणी धारेने आलं. आतल्या फ्रेमवर बोट फिरवलं तर पांढरा भुगा बोटाला लागला, आणि फ्रेमची कड पापुद्र्यासारखी सुटत होती. तो भाग आता कोणत्याही रंगाने परत येत नाही.

तर जमिनीवर पाठ टेकून विमानाखाली सरका आणि नाकापासून शेपटीपर्यंत प्रत्येक भोक शोधा. खडूने गोल करा, क्रमांक द्या, रजिस्टरात चित्र काढा. नायलॉनच्या ब्रिसलने मोकळं करा. ड्रिल लावायचं नाही, त्याने भोक मोठं होतं आणि कडेचा संरक्षक थर जातो. मग एकाने वर शिडीवर उभं राहून सांध्यापाशी मगभर पाणी सावकाश ओतायचं आणि दुसऱ्याने खाली घड्याळ धरायचं. पाणी कोणत्या भोकातून आलं, किती वेळाने आलं, रंग कसा होता, ते लिहा. स्वच्छ पाणी आलं तर ठीक. तांबूस आलं तर आत लोखंडी काहीतरी गंजतं आहे. आलंच नाही तर वरचं पॅनेल उघडल्याशिवाय घरी जायचं नाही. उघडून आत पाहिलं की दहांतल्या नऊ वेळा वाळकी पानं, घरट्याच्या काड्या आणि धूळ यांचा लगदा असतो. तो हाताने काढा.

ताडपत्रीबद्दल माझं मत ठाम आहे: प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळून विमान झाकू नका. तिच्याखाली वाफ धरते, दिवसा तापते, रात्री थेंब होऊन पत्र्यावर बसते. इनटेक आणि जेटपाइपच्या तोंडाला मरीन प्लायची झाकणं करा, पण त्यांना जाळी लावलेल्या खिडक्या ठेवा. एका टोकाने हवा आली आणि दुसऱ्याने गेली की आतला ओलावा टिकत नाही. शक्य असेल तर वर उंच शेड बांधा. त्याहून चांगला खर्च दुसरा नाही.

कॅनॉपीला वेगळा दिवस द्या. ती काच नव्हे, अ‍ॅक्रिलिक आहे, आणि त्यावरच्या धुळीतला प्रत्येक कण ओरखडा काढतो. आधी भरपूर पाणी ओतून तळव्याने धूळ वाहू द्या. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. मग सौम्य साबणाचं पाणी आणि जुनं, अनेकदा धुतलेलं सुती धोतर. हात सरळ रेषेत फिरवा. थिनर, पेट्रोल, रॉकेल, खिडक्यांचे फवारे यांपैकी काहीही नको. अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उठतं आणि ते जात नाही. उजेडाकडे तिरपं धरून पाहिलं की या भेगा चांदीसारख्या चमकतात. असतील तर किती जागी आहेत ते फोटोसह नोंदवा. कॅनॉपीच्या कडेने रबरी नळी आहे. उड्डाणात ती हवेने फुगायची तेव्हा फट बंद व्हायची. उभ्या विमानात हवा नाही, त्यामुळे बंद दिसणारी कॅनॉपीही गळते आणि पाणी थेट कॉकपिटच्या बाजूच्या पॅनेलवर पडतं. वरून पांढऱ्या जाड सुती कापडाचं आवरण शिवून घ्या. त्याने ऊनही अडतं. आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, त्यांचा रंग बदलला की वाळवून परत ठेवा.

धुण्यासाठी नळाचं पाणी घ्या. बोअरचं पाणी क्षारांचे पांढरे डाग सोडतं, ते सांध्यात राहिलं तर वाईटच. प्रेशर वॉशर बेअरिंग, सील आणि रिव्हेटच्या ओळींवर मारायचा नाही. धुऊन झालं, वाळलं की पत्र्याला जवळून बघा. रंगाखाली फुगे आले आहेत का, रिव्हेटभोवती काळपट वर्तुळं आहेत का, स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरा भुगा आहे का. गहाळ झालेल्या स्क्रूच्या जागी दुकानातला साधा लोखंडी स्क्रू कुणीतरी बसवलेला सापडतो. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. असे स्क्रू काढा, योग्य धातूचे आणा आणि गंजरोधक ग्रीस लावूनच बसवा. घासायला तारेचा ब्रश किंवा स्टीलची घासणी नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. नायलॉनची घासणी आणि बारीक पॉलिश पेपर पुरे. खालचा पिवळट-हिरवा प्रायमर दिसला की तो क्रोमेटचा, विषारी आहे असं धरा: कोरडं घासायचं नाही, मास्क हवाच, आणि ते पाणी गटारात सोडायचं नाही. चाकं आणि गिअरबॉक्सच्या पेट्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या असू शकतात, त्यावर ग्राइंडर चालवू नका, तो कीस पेट घेतो. जेटपाइपजवळचं राखाडी कापडासारखं आवरण फाटलेलं असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसची शंका घ्या आणि त्याला हलवू नका.

रंग शेवटी, आणि गरज असेल तिथेच. खरवडण्याआधी प्रत्येक आकडा, बाण, सूचना बटर पेपरवर उतरवून घ्या, फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा. हवाई दलाच्या गोल चिन्हात हिरवा मध्ये, मग पांढरा, बाहेर केशरी. आधी एच प्रायमर (पत्र्याला पकड देणारा ‘एचिंग’ थर), त्यावर इपॉक्सी, मग पॉलियुरेथेन, सकाळी आठ ते अकरा. अक्षय्य तृतीयेनंतर रंगाला हात घालू नका, हवेत ओल वाढते आणि रंग धरत नाही.

पहिला जोराचा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज सुरू व्हायच्या आत दोघांनी जायचं. टॉर्च, खडू, रजिस्टर. भोकांच्या चित्राप्रमाणे एकेक क्रमांक बघायचा, कोणतं ठिबकतं आहे आणि कोणतं कोरडं आहे ते लिहायचं. कोरड्या भोकावरचं पॅनेल त्याच दिवशी उघडायचं. कॉकपिटची जमीन हाताने चाचपायची. दोघांनीही सही करायची, तारीख घालायची, आणि पुढची तपासणी पोळ्याच्या आठवड्यात म्हणून नाव लावून ठेवायचं.